तोल शिकवता येतो

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी अकराच्या गर्दीत एखादी आई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन जिना उतरताना दिसते. तिथल्या कुणालाच ते नवीन नसते. मुलगा ताप किंवा खोकल्यासाठी आलेला असतो. त्याचे पाय धड असतात, सपाट जमिनीवर तो चालतो, कधी धावतोही. फक्त जिना आला की आई वाकते, त्याला उचलते आणि कठड्याला खांदा लावून एकेक पायरी उतरते. कुणी विचारलेच तर सांगते, ‘‘मतिमंद आहे ना, पडतो.’’ औषध लिहून होते, पुढचा नंबर पुकारला जातो. पडण्याबद्दल कुणी आणखी काही विचारत नाही, कारण ती तक्रार म्हणून केसपेपरवर आलेलीच नसते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांकडे सांगण्यासारखे खूप असते. बोलत नाही, शी-शू सांगत नाही, चिडतो, फिट येते, रात्री झोपत नाही, शाळेत ठेवून घेत नाहीत. या यादीत तोलाचा नंबर लागत नाही. आईच्या वाक्यातला तो ‘ना’ मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. बुद्धी कमी म्हणून पडतो, असा सरळ हिशेब त्यात आहे आणि तो डॉक्टरांनाही पटलेला असतो. म्हणून त्यावर काही करायचे असते, हे कुणाच्या मनात येत नाही. हा हिशेब अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यावर उपाय आहे, तो स्वस्त आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलांपर्यंत तो पोहोचलेला नाही.

तोल ही एक गोष्ट नाही. डोळे सांगतात की आजूबाजूचे जग सरळ आहे की कललेले. अंतर्कर्णातल्या द्रवाने भरलेल्या नलिका डोके कुठे आणि किती वेगाने वळले ते सांगतात. तळवे, घोटे, गुडघे आणि मानेचे स्नायू शरीराचा कोणता भाग कुठे आहे याची खबर देत राहतात. तिन्हीकडून आलेल्या बातम्या मेंदूत एकत्र होतात, लहान मेंदू त्यांचा मेळ घालतो आणि स्नायूंना हुकूम जातो. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभ्या माणसाच्या पोटऱ्या सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आवळतात. ‘पडतोय’ हे कळायच्या आधी सावरणे सुरू झालेले असते. दुसरी तऱ्हा याच्या उलट आहे. चेंडू फेकायला हात वर जाण्याच्या क्षणभर आधीच पाय आणि पाठ घट्ट होतात, कारण हात हलला की भार सरकणार हे मेंदूने अनुभवाने शिकलेले असते. एक सावरणे घडल्यानंतरचे, दुसरे घडण्याआधीचे. दोन्ही सरावाने येतात.

तान्ह्या मुलाला यातले फारसे काही येत नसते. तिसऱ्या वर्षी मूल एका पायावर जेमतेम दोन-तीन सेकंद उभे राहते, पाच-सहा वर्षांचे झाले की दहा सेकंद. एक पाय एका पायरीवर, दुसरा पुढच्या, असे जिना चढणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमते. तसेच उतरणे त्यानंतर, चौथ्याच्या सुमारास. उतरणे अवघड, कारण तिथे मांडीच्या स्नायूंना शरीराचा भार हळूहळू खाली सोडायचा असतो आणि नजर खालच्या पायरीचा अंदाज घेत असते. लहान मुले तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबतात. तिन्ही बातम्यांचा मोठ्यांसारखा मेळ बसायला साधारण सात ते दहा वर्षांचे वय उजाडते.

हे सगळे मूल कसे शिकते, याचा एक आकडा फार बोलका आहे. न्यूयॉर्कमधल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळी खेळताना पाहिली आणि पावले मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका तासात सरासरी २,३६८ पावले भरली आणि पडणे १७ वेळा. तासाला १७ वेळा! दिवसभराचा हिशेब केला तर चालायला शिकणारे मूल किती पडते, याची कल्पना येईल. त्या पडण्यावर घरात कुणी चिंता करत नाही. ‘उंदीर पळाला’ म्हणून फरशीवर थाप मारली की विषय संपतो.

आता बौद्धिक अक्षमता असलेले मूल घ्या. बुद्ध्यंक साधारण ७०च्या खाली आणि रोजचे व्यवहार वयानुसार जमत नाहीत, हे दोन्ही लहानपणापासून असेल तर ही अक्षमता मानली जाते. शंभरात साधारण एक ते तीन जणांना ती असते आणि त्यातल्या बहुतेकांची सौम्य असते. या मुलांच्या तोलात उणीव का असते, याची कारणे एकसारखी नाहीत. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असते. स्नायू ढिले असतात, सांध्यांचे बंध सैल असतात आणि लहान मेंदू आकाराने लहान असतो. ही मुले सरासरी दोन वर्षांची होतात तेव्हा कुठे स्वतंत्र चालू लागतात. वेळेआधी जन्मलेली, जन्मताना गुदमरलेली मुले असतात, त्यांच्यात मेंदूच्या हालचालींच्या भागालाही इजा झालेली असू शकते. बऱ्याच मुलांत तर नेमके कारण सापडतच नाही. शरीराकडून येणाऱ्या बातम्या जुळवायला मेंदूला वेळ जास्त लागतो. एका वेळी दोन गोष्टी करायच्या म्हटले, म्हणजे पाण्याचा पेला घेऊन चालायचे, की पाऊल अडखळते.

हा झाला हिशेबाचा खरा अर्धा. उरलेला अर्धा घराघरात तयार होतो. हे मूल उशिरा चालते, जास्त पडते, म्हणून त्याला उचलले जाते. उचलले जाते म्हणून ते चालत नाही. ज्याला शिकायला इतरांपेक्षा जास्त पावले हवीत, त्याच्या वाट्याला कमी पावले येतात. पाचव्या वर्षी ते खुर्चीत असते, आठव्या वर्षी टीव्हीसमोर, दहाव्या वर्षी वजन वाढलेले असते आणि पायांतली ताकद वाढलेली नसते. यात आईचा दोष काढणे सोपे आहे आणि ते करू नये. जिच्या घरात एक हाड मोडले की महिन्याची मजुरी बुडते, तिची भीती हिशेबी असते. जिच्या मुलाला दुखले कुठे हेही सांगता येत नाही, तिने जपू नये तर काय करावे?

पण जपण्याचीही किंमत असते, ती पुढे द्यावी लागते. नऊ वर्षांचा मुलगा २२-२५ किलोंचा असतो. तो १५ वर्षांचा होईल तेव्हा आई चाळिशीची असेल आणि त्याला उचलणे तिच्या कमरेला झेपणार नाही. मग जिना बंद, एसटीची पायरी बंद, देऊळ बंद. शाळाही बंद होते, आणि ती अक्षरे येत नाहीत म्हणून नव्हे. शाळेच्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसून पुन्हा एकट्याने उठता येत नाही, चड्डी घालताना एक पाय उचलला की तोल जातो, आणि या कामाला मदत करायला शाळेत कुणी नसते. ‘उद्यापासून पाठवू नका’ असे कुणी स्पष्ट म्हणत नाही. दोनदा घरून बोलावणे आले की पालक समजून जातात. शिक्षणाच्या हक्कावर लिहिणाऱ्यांनी या दोन हालचालींकडे, उठबस आणि एका पायावर उभे राहणे, जरा लक्ष द्यायला हवे.

शिकवून तोल सुधारतो का? सुधारतो. अमेरिकेत डेल उलरिच आणि सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या ३० बाळांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या बाळांची नेहमीची फिजिओथेरपी चालूच होती. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्या पालकांनी घरीच एका छोट्या ट्रेडमिलवर हातांनी धरून, आठवड्यातले पाच दिवस, रोज फक्त आठ मिनिटे पावले टाकू दिली. ही बाळे दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालू लागली. आठ मिनिटे आणि तीन महिन्यांहून जास्त कमाई. दहा वर्षांनी याच संशोधकांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या ८ ते १५ वर्षांच्या मुलांना पाच दिवस दोनचाकी सायकल शिकवली. निम्म्याहून अधिक मुले शिकली. आणि वर्षभरानंतर पाहिले तेव्हा ती बसून राहण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवत होती. सायकल म्हणजे तोलाची परीक्षाच. ‘यांना कुठली सायकल’ असे म्हणणाऱ्यांनी पाच दिवस हा आकडा लक्षात ठेवावा.

त्यानंतर अनेक देशांत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर व्यायामाचे प्रयोग झाले. कुठे पायांच्या ताकदीचे व्यायाम, कुठे फळीवरून चालणे, कुठे उड्या, कुठे नाच. या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणारे लेखही निघाले. बहुतेकांचा कौल एकच आहे: सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने व्यायाम केला की उभे राहण्याचा आणि चालतानाचा, दोन्ही तोल सुधारतो. अमुकच व्यायाम सर्वांत चांगला, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

यातली कच्ची बाजूही सांगायला हवी. यातले बरेच प्रयोग लहान आहेत, एकेका गटात दहा-वीस मुले. तोल मोजला तो बहुधा एका पायावर किती सेकंद उभे राहिले किंवा यंत्राच्या पाटावर शरीर किती डोलले यावरून. घरी आणि शाळेत पडणे कमी झाले का, आईने उचलणे सोडले का, हे क्वचितच मोजले गेले. व्यायाम थांबल्यावर सहा महिन्यांनी काय झाले, याचा पाठपुरावाही थोड्यांनीच केला. तेव्हा सुधारणा खरी, तिचा रोजच्या जगण्यातला मोबदला किती यावर पुरावा अजून तोकडा, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. पण औषधाच्या गोळीसाठी असा पुरावा मागणे आणि खडूने आखलेल्या रेषेवरून चालण्यासाठी मागणे, यात फरक आहे. रेषेचा दुष्परिणाम फार तर खरचटलेला गुडघा.

सराव नेमका कसा करायचा, हे सविस्तर सांगितलेले बरे, कारण ‘व्यायाम करून घ्या’ एवढेच सांगून पालकांना परत पाठवण्याची सवय दवाखान्यांना आहे.

पहिली गोष्ट ताकदीची. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि हळूहळू बसणे, दहा वेळा. खुर्ची उंच वाटते म्हणून सुरुवात सोपी. मग स्टूल, मग पाट. पाटावरून हात न लावता उठणारे मूल शौचालयातूनही उठेल. दुसरी गोष्ट पायरीची. घराच्या उंबऱ्याची किंवा अंगणातली एकच पायरी पुरते. चढणे लवकर येते. वेळ उतरण्यावर घालवावा. मोठ्या माणसाने उतरताना मुलाच्या पुढे, एक पायरी खाली उभे राहावे. मुलाला धरायचे ते कमरेला, दोन्ही बाजूंनी. आपल्याकडे बोट धरून किंवा मनगट वर ओढून चालवण्याची पद्धत आहे. त्यात मूल स्वतःचा भार स्वतः पेलत नाही, ते लटकते. सैल सांध्यांच्या मुलाचा हात असा हिसकला तर कोपराचा सांधा निसटूही शकतो.

तिसरी गोष्ट रेषेची. फरशीवर खडूची रुंद रेषा, त्यावरून चालणे. जमले की रेषा अरुंद, मग टाचेला चवडा लावून, मग जमिनीवर ठेवलेली लाकडी फळी. त्यानंतर फरशीऐवजी दुमडलेली गोधडी किंवा गादी, म्हणजे तळव्याखालची जमीन मऊ होते आणि घोट्यांना जास्त काम पडते. व्यायाम आज जसा आहे तसाच महिनाभर करून उपयोग नाही. थोडे डगमगायला झाले पाहिजे, म्हणजे दहातले सात-आठ प्रयत्न साधावेत आणि दोन-तीन फसावेत. अजिबात न डगमगणारे मूल त्या क्षणी काही शिकत नसते. आणि सोबतीला कुणीतरी हात पसरून उभे असावे, धरून नव्हे.

या मुलांना शिकवण्याची रीत वेगळी असते, ती चांगल्या विशेष शिक्षकांना पक्की माहीत आहे. तोंडी सूचना कमी, करून दाखवणे जास्त. एका वेळी एकच शब्द: ‘ऊठ’, ‘थांब’, ‘उचल’. रोज तीच जागा, तोच क्रम, तीच वेळ. टाळी, डफ किंवा मोजणीचा ठेका. ठेका असला की शरीर सूचनेपेक्षा लवकर ऐकते, हा अनुभव लेझीम शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरांना आहे. लेझमीत काय नाही? एक पाय पुढे, वाकणे, बसणे, उठणे, वळणे, हातांत वजन आणि सगळे तालात. लंगडी तर महाराष्ट्राने घडवलेला तोलाचा व्यायामच आहे. परदेशी प्रशिक्षणाच्या पुस्तकात ‘एकपायी उड्या, दिशाबदलासह’ असे लिहिलेले असते, ते गल्लीतली पोरे शतकानुशतके करत आली. लगोरीत वाकून दगड रचावे लागतात, ठिकरीत उडी मारून नेमक्या चौकोनात थांबावे लागते. मुलाला लंगडी जमत नसेल तर आधी भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभे राहणे, मग बोट सोडून, मग एकच उडी. पहिल्या उडीला दोन महिने लागले तर लागू द्यावेत.

आणि जे हवे तेच शिकवावे. फळीवर चालायला शिकलेले मूल फळीवर छान चालते. त्यावरून ते बसच्या पायरीवर आपोआप चढेल असे नाही. एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे लावणे, हीच तर या मुलांची अडचण असते. म्हणून शेवटचे काही आठवडे खऱ्या पायरीवर, खऱ्या शौचालयात, खऱ्या गर्दीत सराव व्हायला हवा. संध्याकाळी वीज गेल्यावर मूल जास्त अडखळते हे आयांच्या लक्षात आलेले असते. डोळ्यांची मदत काढून घेतली की तोल उघडा पडतो. आई हात धरून उभी असताना, डोळे मिटून उभे राहण्याचा खेळ त्यासाठी.

आठवड्यातून तीन दिवस, वीस ते तीस मिनिटे, तीन महिने, एवढ्यात फरक दिसायला हरकत नाही. नंतर सोडून दिले तर कमावलेले ओसरते, हे इतर कुठल्याही व्यायामासारखेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग मुलांसाठी प्रथमच वेगळी शिफारस दिली आणि ती इतर मुलांइतकीच आहे: दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल. त्यांच्यासाठी कमी मिनिटांची सवलत नाही.

सुरुवात करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवावे, आणि डॉक्टरांनीही स्टेथोस्कोपच्या पलीकडे पाहावे. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. काहींत मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात. त्यांनी कोलांटी, शीर्षासन, मानेवर भार येईल असे काहीही परवानगीशिवाय करू नये. मान दुखणे, मान वाकडी धरणे, चालण्याची ढब बदलणे, आलेला लघवीवरचा ताबा पुन्हा जाणे, यातले काही दिसले तर व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. मधल्या कानात पाणी साचणे, चष्म्याचा नंबर न तपासलेला असणे, थायरॉइड कमी असणे, ही तोल बिघडवणारी साधी कारणे या मुलांत वरचेवर सापडतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत पाचातल्या एकाला फिट येण्याचा आजारही असतो. त्यांनी उंचावर किंवा पाण्यात एकट्याने सराव करू नये. फिटच्या औषधाचाही विचार करावा. फेनिटॉइनची मात्रा रक्तात वाढली की माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. मुलगा आधीच डुलत चालणारा असेल तर ते ओळखू येत नाही आणि ‘याचे असेच असते’ म्हणून राहून जाते. एक नियम सोपा आहे: बौद्धिक अक्षमतेमुळे तोल हळू येतो, आलेला जात नाही. जात असेल तर कारण दुसरे आहे, ते शोधावे.

मग अडते कुठे? शाळेत. साध्या शाळेत पीटीच्या तासाला हा मुलगा मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांची दप्तरे सांभाळतो. शिक्षकांच्या मनात वाईट काही नसते. पडला तर जबाबदारी कुणाची, एवढाच प्रश्न असतो. विशेष शाळेत तरी? तिथे चांगले काम करणाऱ्या शाळा आहेत, पण बऱ्याच ठिकाणी दिवस बसण्यातच जातो. मणी ओवणे, पणत्या रंगवणे, राख्या, पाकिटे. प्रदर्शनात या वस्तू विकल्या जातात आणि ते छान दिसते. बोटांच्या कौशल्यासाठी तासन् तास आणि पायांसाठी वार्षिक क्रीडादिन, हे वेळापत्रक कुणी आणि कशावरून ठरवले, असे विचारायला हवे. फिजिओथेरपिस्ट महिन्या-दोन महिन्यांनी शिबिराला येतो, मुलाला तपासतो, कागदावर व्यायाम लिहून देतो. तोल महिन्यातून एकदा शिकता आला असता तर सर्कशीतल्या माणसांनी रोज सराव केला नसता.

फिजिओथेरपिस्ट मंडळींचा याला एक आक्षेप असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अप्रशिक्षित माणसाने चुकीचे करून घेतले तर? म्हणून तर कामाची वाटणी हवी. तपासणी, सुरुवातीची पातळी ठरवणे, कुणाला काय वर्ज्य हे सांगणे आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजणे त्यांनी करावे. मोजायलाही महागडे यंत्र लागत नाही. मुलांच्या तोलाच्या मोजपट्टीत चौदा साध्या कृती आणि ५६ गुण असतात: बसून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, गोल वळणे वगैरे. स्टूल, फूटपट्टी आणि घड्याळ एवढ्यावर ती होते. रोजचा सराव मात्र शिक्षक, मदतनीस आणि घरच्यांनीच करून घ्यायचा. ट्रेडमिलच्या त्या प्रयोगात बाळांना धरून उभे होते ते त्यांचे पालकच.

पैसा नाही, असे म्हणायला जागा कमी आहे. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यातून बॅट आणि स्टंप येतात, ठीक आहे. सुताराकडून करून घेतलेली एक फळी आणि दोन उंचींचे पाट त्याहून महाग नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. तिची माहितीच पालकांपर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो महाराष्ट्रातूनच, पालघरमधून. त्यातून जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आली. तिथे कामाचा भार तान्ह्या आणि लहान मुलांचाच जास्त. दहा वर्षांचा मुलगा तिथे ‘उशीर झाला’ या सदरात जातो. तोलाच्या बाबतीत दहाव्या वर्षी उशीर झालेला नसतो. सायकल शिकलेल्या त्या मुलांत १५ वर्षांचेही होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये क्रीडेसाठी स्वतंत्र कलम आहे, तेही पदके मिळाली की आठवते.

सरकारी व्यवस्था जिथे रिकामी जागा सोडते तिथे बाजार येतो. ‘मेंदूचे दोन भाग जोडणारे’ व्यायाम, पॅकेजमधली थेरपी, हजारो रुपयांचे डुलते पाट. त्याहून वाईट म्हणजे मूलपेशींची इंजेक्शने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक रक्तविकारांसारखे मान्य उपचार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त संशोधनाच्या चौकटीतच करायचा असतो, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तरीही शेत विकून लाखो रुपये भरणारे पालक भेटतात. तोलाच्या व्यायामाने बुद्ध्यंक वाढतो, असेही कुणी सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नये. व्यायामाने मुलाला जिना उतरता येईल, बादली उचलता येईल, कदाचित मुलांच्या घोळक्यात शिरता येईल. बुद्धी वाढवण्याचा मुलामा त्याला चढवायची गरज नाही.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देताना बुद्ध्यंक आणि सामाजिक प्रगल्भता मोजतात, टक्केवारी लिहितात आणि शिक्का मारतात. त्या कागदावर जिन्याचा उल्लेख नसतो. तो बदलायला शासननिर्णय लागेल. केसपेपर बदलायला काही लागत नाही. खोकल्याच्या औषधाखाली दोन ओळींची जागा असतेच: जिना उतरताना दोन्ही पाय एकाच पायरीवर, कठडा धरून, आई समोर; एका पायावर एक सेकंद; पाट आणि पायरीचा सराव दाखवला. तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे.